हेपटायटिस बी आणि लिव्हरचा कॅन्सर: घरात कोणाकोणाची तपासणी करायची?

नमस्कार. आम्ही ऐरोलीत राहतो. सोसायटीच्या रक्तदान शिबिरानंतर ब्लड बँकेतून नवऱ्याला फोन आला, हेपटायटिस बी (लिव्हरला होणारा व्हायरसचा संसर्ग) पॉझिटिव्ह आलंय. पुन्हा तपासलं, तेच. त्याला त्रास काहीच नाही. पण सासरे लिव्हरच्या कॅन्सरने गेले, तेही दारूला कधी हात न लावता. त्यांची ही तपासणी झाली होती का, ते जुन्या फायलीत सापडत नाही.

सासूबाईंनी नवऱ्याचं ताट वेगळं केलंय, मागे नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून. एकत्र जेवल्याने हा पसरत नाही, हे सांगून थकले. तो गप्प जेवतो, बघवत नाही.

तेव्हापासून वाचतेय. कॅन्सरशी संबंध असलेला आणखी एक व्हायरस आहे, एपस्टाइन-बार; तो जगभर बहुतेकांच्या अंगात असतो. पण आफ्रिकेत मलेरियाच्या पट्ट्यात त्याचा संबंध मुलांच्या बर्किट लिम्फोमा या कॅन्सरशी, तर दक्षिण चीनमध्ये नाकामागच्या घशाच्या कॅन्सरशी. म्हणजे नुसती लागण झाली की कॅन्सर ठरलेला, असं नाही ना? तैवानने १९८४ पासून बाळांना हेपटायटिस बीची लस दिली आणि तिथल्या मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर खूप कमी झाला. हे वाचून फार धीर आला.

मुलीला जन्मतःच लस दिलीय, कार्डावर नोंद आहे. तरी तिची तपासणी करू? माझी? दीर पुण्यात आहेत, त्यांना सांगावं का? आणि थेट खारघरला टाटाच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर सेंटरला जायचं का? कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:
ताई, आमच्या घरी हेच झालं होतं. कॅन्सर झालेला नाही, त्यामुळे आधी लिव्हरच्या किंवा गॅस्ट्रोच्या डॉक्टरांकडे जा. ते एचबीव्ही डीएनए (रक्तात हा व्हायरस किती आहे ती टेस्ट), लिव्हरच्या टेस्ट आणि सोनोग्राफी सांगतील. वडिलांना कॅन्सर होता हे आवर्जून सांगा, त्यावरून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची का ते ठरतं.

तपासणी सगळ्यांचीच करा, मुलीचीही. दिरांना आजच फोन करा, आणि सासूबाईंनाही घेऊन जा. जन्माच्या वेळी आईकडून लागण झाली तर सुमारे ९० टक्के बाळांत ती कायमची राहते, मोठेपणी झाली तर ५ टक्क्यांहून कमी जणांत. सासूबाईंना हे जपून सांगा, त्या स्वतःला दोष देत बसतील. ज्यांना लागण नाही आणि संरक्षणही नाही, त्यांनी लस घ्यावी. रेझर, टूथब्रश वेगळे ठेवा. गोळ्या सुरू झाल्या तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू देऊ नका.