जबड्याचं फ्रॅक्चर: योजनेचे पैसे जिल्ह्याप्रमाणे वेगळे असतात का?

वाशिमवाला
धाकटा भाऊ बाइकवरून पडला, खालचा जबडा दोन जागी मोडलाय. केशरी रेशन कार्ड आहे, फुले योजनेत बसतो, पण इथल्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलने सांगितलं की आमच्याकडे योजनेच्या पॅकेजमध्ये (ऑपरेशनला ठरलेल्या रकमेत) परवडत नाही, नागपूरला न्या, नाहीतर हाड जोडायच्या प्लेटचे पैसे वेगळे भरा. योजना एकच ना मग गावागावात दर वेगळा कसा? कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

मॅक्सफेशियल_पीजी
दादा, आधी हे की हॉस्पिटल योजनेत असेल तर प्लेट-स्क्रूचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत, पॅकेज कॅशलेस आहे. आता दराचं. फुले योजना केंद्राच्या आयुष्मानसोबत एकत्र चालते, त्या आयुष्मानच्या २०२२ च्या पॅकेज यादीत शहर मोठं का छोटं यावर दर वेगळे केले, ते पहिल्यांदाच, आणि छोट्या शहराला अर्थातच कमी. उलट आकांक्षित (केंद्राने मागास म्हणून निवडलेल्या) जिल्ह्यातल्या हॉस्पिटलला केंद्राच्या नियमात १०% जास्त आहेत, आपल्याकडे असे चार, नंदुरबार, वाशिम, गडचिरोली, धाराशिव. म्हणजे वाशिमला कमीच मिळतं असं सरसकट नाही.

खरी अडचण माणसांची आहे. या ऑपरेशनमध्ये वरचे-खालचे दात तारेने घट्ट बांधून चावा जुळवतात आणि मग प्लेट बसवतात, त्यामुळे भुलीची नळी तोंडातून नाही, नाकातून घालावी लागते. हे नेहमी करणारा भूलतज्ज्ञ आणि जबड्याचा सर्जन दोघं एकाच दिवशी छोट्या गावात मिळणं अवघड, बाहेरून बोलवायचे तर त्यांची फी त्याच पॅकेजमधून जाते. १०% ने ते भागत नाही, हे माझं स्पष्ट मत.

नागपूरची_ताई
नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. आमच्या काकांचं तोंड खर्ऱ्याने (तंबाखू-सुपारीने) दोन बोटं जाईल इतकंही उघडत नव्हतं, गालाच्या आतले आखडलेले पट्टे सोडवायचं ऑपरेशनही आयुष्मानच्या यादीत आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं. विदर्भात घरोघरी हा त्रास आहे, तालुक्यात कोणी सांगतच नाही.

वाशिमवाला
थँक्यू ताई, पीजी मॅडम. पण पैसे मागितले त्याची तक्रार कुठे करायची?

मॅक्सफेशियल_पीजी
हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) लेखी द्या आणि योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ वर फोन करा. ओपीजी (पूर्ण जबड्याचा) एक्स-रे आणि रेशन कार्ड सोबत ठेवा, मंजुरीला लागतं. आणि तक्रारीपायी ऑपरेशन लांबवू नका, हाड वाकडं जुळलं तर परत तोडून बसवावं लागतं.