जुन्या नाशकातला वाडा संग्रहालय करायचाय : फुगलेला गिलावा, लोणा आणि कुजलेले खांब

गोदाकाठ
मंडळी, आमच्या इतिहास मंडळाकडे जुन्या नाशकातला एक दुमजली वाडा देखभालीसाठी आलाय. १९०९ च्या सुमारास अभिनव भारत या गुप्त क्रांतिकारी संघटनेच्या तरुणांची इथे ये-जा होती, असं मालकांच्या घरात सांगतात. जोतं काळ्या दगडाचं, सांगाडा सागवानी, भिंती मातीत रचलेल्या विटांच्या, दीड फूट जाड. मध्यंतरी कुणीतरी चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा केला. तो फुगलाय आणि त्याच्या वरच्या कडेला लोणा, म्हणजे पांढरे क्षार, लागलाय. ओसरीच्या दोन खांबांचे पाय पोकळ वाजतात. शिवाय पत्रं आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे आहेत. पावसाळ्याला दोन महिने उरलेत, पैसे बेताचे. सुरुवात कुठून करावी?

चुना-सुरखी
पाण्यापासून. रंग, फलक, दिवे सगळं नंतर.

कौलं उतरवून फुटकी बदला, दोन उतार मिळतात तिथली पन्हळ नव्याने बसवा, चौकाची मोरी मोकळी करा. मग बाहेरचा रस्ता बघा. डांबरावर डांबर चढून गल्ली जोत्याच्या बरोबरीला आली असेल, तर पाणी थेट भिंतीत शिरतं. भिंतीलगत फूटभर रुंद चर खणून खडी भरा आणि त्याला बाहेर उतार द्या. पायाच्या दगडांखाली मात्र खणू नका.

सिमेंट काढायलाच हवं. जमिनीतून चढणारी ओल मातीच्या भिंतीतून बाहेर पडून वाळत असते. सिमेंटने ती वाट बंद झाली की ओल आणखी वर चढते आणि कडेला क्षार सोडते. तोच तुमचा लोणा. छिन्नी-हातोडीने हलक्या हाताने काढा. ब्रेकर लावलात तर विटांचे चेहरे निघून येतील. लोणा कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा, धुऊ नका. पाण्याबरोबर क्षार परत आत जातात.

या दोन महिन्यांत नवा गिलावा करू नका, हे कळकळीने सांगतो. इतकी जाड भिंत वाळायला एक पूर्ण कोरडा हंगाम तरी जातो. चुना आत्ताच भिजत घाला, निदान तीन आठवडे पाण्याखाली राहू दे, जास्त राहिला तर उत्तमच. दिवाळीनंतर एक भाग चुना, एक भाग सुरखी (भाजलेल्या विटांची पूड), दोन भाग धुतलेली वाळू, असा १० ते १२ मिलिमीटरचा थर द्या आणि आठ-दहा दिवस ओलं गोणपाट टांगून ठेवा. लवकर वाळला तर केसासारख्या भेगा पडतात. मिस्त्री ‘थोडं सिमेंट टाकू, पकड येईल’ म्हणेल. टाकू देऊ नका.

तळखडा
खांबांचं सांगतो. तळखड्याच्या, म्हणजे खांबाखालच्या दगडाच्या, लगेच वर टोकदार आरी दाबून बघा. ती लोण्यात गेल्यासारखी शिरली तर तेवढा भाग गेला. चांगलं लाकूड लागेपर्यंत दर दोन इंचांवर तपासत वर जा आणि तिथे खडूने खूण करा. अख्खा खांब बदलायची गरज सहसा नसते. तुळईला खांबाच्या दोन्ही बाजूंनी जॅक लावून भार उचला, तोही दिवसाला एक-दोन मिलिमीटरच. जास्त उचललात तर वरचा कडीपाट (कड्या-फळ्यांचं लाकडी छत) सुटतो. कुजका पाय कापून जुन्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडा. सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या तिप्पट, आरपार खुंट्या सागाच्याच. तुकड्याच्या आतल्या बाजूला दुरुस्तीचं वर्ष कोरा, म्हणजे पुढे कुणी तो मूळचा समजणार नाही.

वाळवीसाठी जमीन आणि भिंत जुळते तिथे फूट-फूट अंतरावर १२ मिलिमीटरची भोकं पाडून इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के, लिटरभर पाण्यात २.१ मिलिलिटर, या प्रमाणात सोडतात. परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या.

कागदपत्रवाली
गठ्ठे आजच माडीवर न्या. २०१६ आणि २०१९ च्या पुरात गोदावरी जुन्या गावात कुठवर आली होती ते आठवा. वाडा त्या पट्ट्यात असेल तर तळमजल्यावर मूळ कागद ठेवूच नका, प्रती लावा. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी अजिबात नको, दोन्ही पुढे काढता येत नाहीत. त्या काळचं वर्तमानपत्र लाकडाच्या लगद्याचं, आम्लाने ठिसूळ झालेलं असतं, म्हणून घड्या जबरदस्तीने उघडू नका. आम्लरहित कागदात सपाट ठेवा, आर्द्रता ५० ते ५५ टक्के, उजेड ५० लक्सच्या आत. प्रत्येक वस्तूला दाखल क्रमांक द्या आणि देणाऱ्याची सही घेतलेलं दानपत्र जोडा.

‘ये-जा होती’ हे फलकावर लिहिण्याआधी पुरावा हवा. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, त्यानंतर धरपकड झाली आणि खटले चालले. त्या खटल्यांच्या कागदांत आणि सिटी सर्व्हेच्या जुन्या उताऱ्यात घर जुळतंय का बघा. नाही जुळलं तर ‘घराण्यातील आठवणीनुसार’ एवढंच लिहा. ज्यांनी फाशी पत्करली त्यांच्या नावावर ऐकीव गोष्ट खपवणं बरोबर नाही.

गोदाकाठ
आभार. माडीही लोकांना दाखवता येईल का?

तळखडा
आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तुळया तपासून घ्या. घराच्या जमिनीला चौरस मीटरमागे २०० किलो भार धरतात, गर्दीच्या दालनाला ५०० पर्यंत. तोवर माडीवर एकावेळी पाच-सहा जणच सोडा, आणि काचेची जड कपाटं भिंतीलगत तुळयांच्या टोकांशी ठेवा, मधल्या खणात नको.