फ्लीटवुड मॅकचा ‘रूमर्स’ आजही तितकाच मोठा वाटतो का?

सांजसावली

नमस्कार मंडळी.

फ्लीटवुड मॅक या बँडचा ‘रूमर्स’ हा अल्बम फेब्रुवारी १९७७ मध्ये निघाला. माझ्यापर्यंत तो पोहोचायला आणखी दहा वर्षे गेली. पुण्यात वसतिगृहात राहत असताना मैत्रिणीच्या भावाने तबकडीवरून कॅसेटवर भरून दिला होता. ती कॅसेट मी इतकी वाजवली की शेवटच्या ‘गोल्ड डस्ट वुमन’पाशी फीत ओढून वाजू लागली आणि ते गाणे मुळातच इतके संथ आहे, असा माझा कित्येक वर्षे समज होता.

गेल्या आठवड्यात मी हा अल्बम माझ्या बावीस वर्षांच्या मुलासोबत पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. अकरा गाणी, जेमतेम चाळीस मिनिटे. तो म्हणाला, “छान आहे, पण कॉफीच्या दुकानात मागे काहीतरी लागलेले असते ना, तसे वाटते.” मला हे लागले, आणि त्याहून अधिक हे लागले की त्याला लगेच काही उत्तर देता आले नाही.

अल्बममागची कहाणी आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. गायिका व कीबोर्डवादक क्रिस्टीन मॅकव्ही आणि बेसवादक जॉन मॅकव्ही यांचा संसार तेव्हा मोडला होता, गिटारवादक लिंडसे बकिंगहॅम आणि गायिका स्टीव्ही निक्स यांचे अनेक वर्षांचे नाते तुटत होते, ड्रमवादक मिक फ्लीटवुडच्या घरीही स्वस्थता नव्हती, आणि अशा स्थितीत ही पाच माणसे कॅलिफोर्नियातील सॉसालिटो येथे एकाच स्टुडिओत एकमेकांविषयीची गाणी एकमेकांच्या साथीने मुद्रित करत होती. मला प्रश्न पडला आहे तो असा: ही कहाणी आणि माझे वसतिगृहाचे दिवस, या दोन्ही गोष्टी बाजूला काढल्या तर खाली जे संगीत उरते, ते आज प्रथमच ऐकणाऱ्याला धरून ठेवण्याइतके भक्कम आहे का? ज्यांनी हा अल्बम अलीकडे सलग ऐकला असेल, त्यांनी कृपया लिहावे.

मंद्र

मी ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात आहे, त्यामुळे माझे उत्तर त्या बाजूने येईल. आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘होय’ असे आहे आणि त्याचे कारण जॉन मॅकव्ही आणि मिक फ्लीटवुड ही जोडी आहे. गाणी लिहिणाऱ्या तिघांविषयी पुष्कळ लिहिले जाते. या दोघांविषयी फार कमी, आणि बँडचे नाव तर या दोघांच्याच आडनावांवरून पडलेले आहे. १९६७ साली लंडनमध्ये हा बँड ब्लूज वाजवणारा बँड म्हणून सुरू झाला, तेव्हापासूनची ही माणसे. ‘रूमर्स’ येईपर्यंत त्यांना एकत्र वाजवण्याची जवळजवळ दहा वर्षांची सवय होती.

‘ड्रीम्स’ घ्या. निक्सने हे गाणे स्टुडिओतल्याच एका बाजूच्या खोलीत, कीबोर्ड आणि साधा कॅसेट रेकॉर्डर घेऊन, दहाएक मिनिटांत लिहिले. त्यात मुख्यतः दोनच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, आहेत आणि ते दोन्ही आपल्याला घरी परतू देत नाहीत. षड्जावर येऊन थांबण्याचे जे समाधान असते, ते हे गाणे अखेरपर्यंत देत नाही. एवढ्याशा सामग्रीवर चार मिनिटे कंटाळा न येऊ देणे हे काम बेस आणि ड्रम करतात. फ्लीटवुडच्या वादनातला एक छोटा तुकडा निवडून, त्या फितीची दोन टोके जोडून तो फिरता ठेवला गेला आणि त्यावर बाकीचे गाणे उभे राहिले. आज संगणकावर हे काम एका क्षणात होते. तेव्हा ते हातात ब्लेड घेऊन होत असे.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती ध्वनीच्या टिकाऊपणाशी थेट संबंधित आहे. एकावर एक इतके थर चढवले गेले की मूळ फीत यंत्रावरून हजारो वेळा धावून झिजली आणि ड्रमचा आवाज निर्जीव होऊ लागला. सुदैवाने प्रारंभीच्या मुद्रणाच्या वेळी २४ ट्रॅकची, म्हणजे चोवीस आवाज स्वतंत्रपणे टिपणारी, दोन यंत्रे एकाच वेळी चालू ठेवलेली होती, म्हणजे ड्रमची एक न झिजलेली प्रत शिल्लक होती. मात्र दोन यंत्रे एका वेगाने चालवण्याची सोय नव्हती. तेव्हा एका जाणकार तंत्रज्ञाने एका कानात झिजलेली फीत आणि दुसऱ्या कानात न झिजलेली प्रत लावून, वेग हाताने सतत कमीअधिक करत, सगळी गाणी निव्वळ कानाच्या भरवशावर जुळवली. आज आपण जो टवटवीत स्नेअर, म्हणजे ठेक्याचा मुख्य ड्रम, ऐकतो, तो त्या माणसाच्या कानांमुळे ऐकू येतो. हे काम माझ्या वाट्याला आले असते तर मी हात जोडले असते.

आपल्या मुलाला एकच सांगा. चांगले हेडफोन लावून ‘ड्रीम्स’मधला फक्त बेस ऐक. कॉफीच्या दुकानातील लहान स्पीकरवर नेमका तोच गळून पडतो.

तबकडीप्रेमी

मला हा अल्बम प्रिय आहे, तरीही मंद्र यांच्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. वादन टिकले आहे, यात शंका नाही. प्रश्न अल्बमचा आहे, आणि अल्बम म्हणजे अकरा गाण्यांची निवड. ती निवड सदोष होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

निक्सचे ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ लांबीच्या कारणास्तव वगळले गेले, कारण तबकडीच्या एका बाजूवर मावणाऱ्या वेळेला मर्यादा असते. त्याऐवजी आले ‘आय डोन्ट वॉन्ट टू नो’, म्हणजे बकिंगहॅम आणि निक्स या बँडमध्ये येण्यापूर्वीच्या काळातले एक हलकेफुलके गाणे. ते वाईट नाही, पण ‘द चेन’ आणि ‘यू मेक लव्हिंग फन’ यांच्यानंतर ते आले की मन खाली उतरते. ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ ‘गो युवर ओन वे’च्या तबकडीच्या मागच्या बाजूला गेले. म्हणजे बकिंगहॅमने निक्सविषयी केलेली तक्रार एका बाजूला आणि तिने त्याला दिलेले उत्तर तबकडी उलटली तरच ऐकू येणार. त्या तक्रारीतली एक ओळ तिच्या चारित्र्यावर होती आणि ती काढावी असे तिचे म्हणणे असूनही ती राहिली. तरीही तिने त्याच गाण्यात मागून सूर दिला आणि पुढे मैफलींतून वर्षानुवर्षे देत राहिली. तरुणपणी मला ते गाणे वीराचे वाटत असे. आज ड्रमवर तितकेच प्रेम आहे, शब्दांवर नाही.

‘डोन्ट स्टॉप’ तर १९९२ मध्ये बिल क्लिंटन यांच्या निवडणूक प्रचारात इतके वाजले की त्याचा मूळ अर्थच हरवला. ते क्रिस्टीनने मोडलेल्या संसारानंतर नवऱ्याला धीर देण्यासाठी लिहिले होते, ही गोष्ट त्या घोषणांच्या गदारोळात कोणाच्या कानी येणार?

निळी शाई

मी चोवीस वर्षांची आहे आणि सांजसावली यांना हवा असलेला श्रोता बहुधा मीच आहे. २०२० साली एक माणूस स्केटबोर्डवरून जाता जाता बाटलीतून रस पीत ‘ड्रीम्स’ गुणगुणतो, असा एक छोटा व्हिडिओ सर्वत्र पसरला. त्यानंतर ते गाणे पुन्हा लोकप्रियतेच्या यादीत आले आणि त्याच लाटेत मीही या अल्बमपर्यंत पोहोचले. कोण कोणाचा नवरा, कोण कोणाची प्रेयसी, यातले मला काहीही माहीत नव्हते.

मला सर्वाधिक आवडले ते ‘यू मेक लव्हिंग फन’. त्यातला बेस इतका खेळकर आहे की गाणे त्याच्याच आनंदाचे आहे, असे वाटावे. पुढे वाचनात आले की क्रिस्टीनने ते बँडच्या प्रकाशयोजनाकारावरील प्रेमातून लिहिले होते आणि बेस वाजवणारा जॉन हा तिचा दुरावलेला नवरा होता. ही माहिती मिळाल्यावर मी गाणे पुन्हा ऐकले. वादनात कुठेही कडवटपणा सापडला नाही. मला आधी संगीताने धरले आणि कहाणी नंतर आली, म्हणून माझ्यापुरता तरी प्रश्न सुटलेला आहे. तबकडीप्रेमी यांचा निवडीचा मुद्दा मात्र मला पटतो. २००४ च्या आवृत्तीत ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ समाविष्ट केले गेले आणि मी अल्बम तसाच ऐकते.

सांजसावली

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मुलाला हेडफोन दिले. ‘ड्रीम्स’वर तो फारसे बोलला नाही, पण ‘साँगबर्ड’ संपल्यावर त्याने विचारले की हे इतके मोकळ्या जागेत गायल्यासारखे का वाटते. ते स्टुडिओत नव्हे, तर बर्कली येथील विद्यापीठाच्या रिकाम्या प्रेक्षागृहात, रात्रभर जागून मुद्रित केले गेले, हे मी त्याला सांगितले. क्रिस्टीन २०२२ च्या नोव्हेंबरात गेली, त्या दिवशी मी एकटीने हेच गाणे ऐकले होते. तेही सांगितले.

मंद्र, ‘द चेन’ हे वेगवेगळ्या तुकड्यांतून जोडलेले गाणे आहे, असे आपण मागे एकदा लिहिले होते. तो सांधा ऐकू येतो का?

मंद्र

येतो. तीन मिनिटांच्या सुमारास गाणे जवळजवळ थांबते, सगळी वाद्ये मागे सरतात आणि जॉनचा बेस एकटा पुढे येतो. त्याआधीचा भाग आणि त्यानंतरचा भाग मुळात एका गाण्याचे नव्हतेच. शेवटचा भाग क्रिस्टीनच्या एका अपुऱ्या राहिलेल्या गाण्यातून आला आणि कडव्यांचे शब्द निक्सचे आहेत. संपूर्ण अल्बमवर पाचही जणांची नावे रचनाकार म्हणून असलेले हे एकमेव गाणे आहे. मुलाला काही न सांगता ऐकवा आणि बेस सुरू होताना त्याचा पाय हलतो का, एवढेच पाहा.