घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या? परदेशी मदत कापली ते बरोबर की चूक

थेम्सकाठचे_पोहे यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी, इथे यूकेतले बरेच जण दिसतात म्हणून विचारतो. मी १४ वर्षं इकडे आहे, आता पासपोर्ट पण इथलाच. दर शनिवारी आमच्या गावातल्या चर्चच्या हॉलमध्ये फूड बँक (गरजूंना फुकट किराणा) चालते तिथे डबे लावायला जातो. परवा एक बाई आल्या, गळ्यात केअर होमचा बिल्ला तसाच, म्हणजे नाइट ड्यूटी संपवून थेट आलेल्या. व्हाउचर दाखवलं, आम्ही तीन दिवसांची पिशवी भरली तर त्यांनी पास्ता आणि तांदूळ काढून परत ठेवले आणि हळूच विचारलं, नुसतं किटलीतलं गरम पाणी ओतून होईल असं काही आहे का? गॅसच्या मीटरमध्ये पैसे टाकायचे राहिलेत म्हणे. नोकरी करणारी बाई हो, इंग्लंडमध्ये.

माझ्या बाजूला एक रिटायर्ड ट्रक ड्रायव्हर आजोबा असतात, सत्तरीच्या पुढचे, मनाने एकदम सरळ. ते म्हणाले, बघ, ही इथे अशी उभी आहे आणि आमचं सरकार पैसे बाहेर वाटतंय, तुमच्या इंडियाला पण देतात आणि तुम्ही चंद्रावर यान पाठवता. मला जरा लागलंच. मी म्हटलं इंडियाला थेट आर्थिक मदत बंद करायचं तुमच्याच सरकारने २०१२ मध्ये जाहीर केलं आणि २०१५ पर्यंत बंदही केली. ते म्हणाले बरं, मग बाकीच्यांना तरी का? त्यावर मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर त्या बाईंकडे बघून मलाही वाटलं की आधी घरचं बघा ना.

आता पंतप्रधान स्टार्मरने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलंय की मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणणार. आधी ०.७ होती, कायद्यातच लिहिलेली. तुम्हाला काय वाटतं? राजकारण कमी, मुद्दा जास्त अशी उत्तरं द्या प्लीज.

---

गणिताचा_मास्तर

पोहेभाऊ, प्रश्न चांगलाय पण मुळात एक घोळ आहे, तो आधी निस्तरतो.

०.५ वरून ०.३ म्हणजे देशाच्या दर १०० पौंडांमागे ५० पेन्स जायचे ते ३० होणार. वाचणारे पैसे वर्षाला साधारण ६ अब्ज पौंड. ऐकायला डोंगराएवढे वाटतात. पण एकट्या इंग्लंडच्या आरोग्यसेवेचा खर्च वर्षाला १८० अब्जांच्या वर आहे, म्हणजे हे ६ अब्ज तिथे ओतले तरी १२ दिवसांत संपतात. उपचारांची वेटिंग लिस्ट २०२५ मध्ये ७० लाखांच्या वर होती, ती १२ दिवसांच्या पैशात काय हलणार ते तुम्हीच सांगा.

पण खरी गंमत पुढे आहे. हे ६ अब्ज तुमच्या फूड बँकेतल्या बाईंकडे येणारच नाहीयेत. ज्या दिवशी कपात जाहीर झाली त्याच भाषणात सांगितलं की हा पैसा संरक्षण खर्च जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर न्यायला वापरणार. तुम्ही शीर्षकात गमतीने लिहिलंत पण इथे अक्षरशः लष्कराच्या भाकऱ्याच भाजल्या जाणार आहेत हो 😀 मी संरक्षणाच्या विरोधात नाही, युक्रेनचं चाललंय ते बघतोच आहोत. पण मग "बाहेर देण्यापेक्षा घरी द्या" हे वाक्य तरी वापरू नका ना. मदतखात्याच्या मंत्री अ‍ॅनेलीज डॉड्स तीन दिवसांत राजीनामा देऊन मोकळ्या झाल्या.

अजून एक. जी मदत "बाहेर" जाते म्हणतात त्यातली बरीचशी बाहेर जातच नाही. २०२३ मध्ये यूकेची एकूण मदत १५.३ अब्ज पौंड होती, त्यातले ४.३ अब्ज यूकेतच खर्च झाले, आश्रय मागायला आलेल्या लोकांची हॉटेलं, जेवणखाण वगैरे. नियम असा आहे की निर्वासित आल्यापासून पहिल्या वर्षाचा खर्च मदत म्हणून दाखवता येतो. म्हणजे रुपयातले २८ पैसे घरातच. खिसा तोच, फक्त या कप्प्यातून काढून त्या कप्प्यात.

---

सडेतोड_सातारकर

मास्तर, तुमचं गणित बरोबर असेल पण तुम्ही पोहेंच्या प्रश्नाला बगल दिली. पैसे लष्करात गेले हा सरकारचा दोष, त्याने "बाहेर द्यायलाच हवेत" हे कुठे सिद्ध होतं?

मी सात वर्षं इथे आहे, व्हिसावर. टॅक्स भरतो, नॅशनल इन्शुरन्स भरतो, वर आरोग्याचा सरचार्ज मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलांना थोडा कमी, घरात चार माणसं, हिशोब करा. एवढं करून एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, डेंटिस्ट मिळत नाही, फोन केला की सांगतात नवीन पेशंट घेत नाही. गेल्या वर्षी अक्कलदाढ दुखायला लागली तर चार महिने लवंग धरून काढले आणि दिवाळीत साताऱ्याला जाऊन काढून आलो. विमानाचं तिकीट धरूनही इथल्या प्रायव्हेटशी फार फरक पडला नाही.

सरकारचं पहिलं कर्तव्य ज्यांच्याकडून टॅक्स घेतला त्यांच्याशी. आधी पोटोबा मग विठोबा हे आपले पूर्वज उगाच नाही म्हणाले. २०२४ च्या जुलैत याच सरकारने म्हाताऱ्यांचे थंडीतल्या हीटिंगचे पैसे कापले, बोंब झाली तेव्हा पुढच्या जूनमध्ये बऱ्याच जणांना परत द्यायचं जाहीर केलं. म्हणजे घरातल्या आजीचे दोनतीनशे पौंड मोजून घेता आणि बाहेर अब्जांनी देता? सामान्य माणसाला ते खटकणारच, त्याला उगीच संकुचित ठरवू नका.

दुसरं, मदत मिळत राहिली की तिकडची सरकारं आपल्या लोकांचं बघत नाहीत. दवाखाना गोऱ्यांनी चालवायचा आणि मंत्र्याने नवीन लँड क्रूझर घ्यायची.

---

लुसाकाची_सून

सातारकरदादा, तुमचं शेवटचं वाक्य वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं, कारण ते अर्धं खरं आहे. मी १६ वर्षं झांबियात आहे, आमच्या ह्यांचा औषधांचा होलसेलचा धंदा आहे, त्यामुळे जवळून बघितलंय तेवढंच लिहिते.

इथे दहा लाखांहून जास्त लोक एचआयव्हीच्या औषधांवर आहेत. रोज एक गोळी, तिच्यात तीन औषधं. डबी हातात घेऊन बघाल तर बहुतेक वेळा मेड इन इंडिया. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने हीच ट्रीटमेंट वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली तेव्हा बड्या कंपन्यांचा भाव १० हजार डॉलरच्या पुढे होता, तिथून हे सगळं शक्य झालं. २००३ मध्ये बुशने अमेरिकेचा मोठा कार्यक्रम काढला आणि त्या पैशातून आपल्याकडचीच जेनेरिक औषधं आफ्रिकाभर गेली. मदत अमेरिकेची, गोळी आपली, जगला इथला माणूस.

चोरीचं म्हणाल तर होती. फुकट वाटायची औषधं प्रायव्हेट दुकानांत विकली जात होती. अमेरिकेच्या राजदूतांनी मे २०२५ मध्ये इथे पत्रकार परिषद घेऊन उघड सांगितलं आणि औषधांची ५ कोटी डॉलरची मदत बंद करत असल्याचं जाहीर केलं. मी त्यांना दोष देत नाही. चोराला कितीदा म्हणून भरून द्यायचं?

पण त्याआधी जानेवारीत ट्रम्पने अमेरिकेची सगळीच परदेशी मदत एका सहीने गोठवली ना, ते वेगळं होतं. आमच्या गोदामात एक लोडर आहे, ११ वर्षं औषधावर, ठणठणीत, ५० किलोची पेटी एकटा उचलतो. फेब्रुवारीत त्याने अर्धा दिवस सुट्टी मागितली, क्लिनिकला जायचंय म्हणाला. एरवी तीन महिन्यांच्या डब्या एकदम मिळायच्या, त्या दिवशी एकच देऊन पाठवला, पुढचं पुढे बघू म्हणाले. त्याने ती डबी मला दाखवली आणि विचारलं, मॅडम, एक दिवसाआड घेतली तर चालेल का? मी म्हटलं अजिबात नाही, एकही दिवस चुकवायची नाही. आपण घरची कामवाली बंद करायची तरी महिनाभर आधी सांगतो हो.

आणि हे लांबचं वाटत असेल तर, त्याच फ्रीझमध्ये आपल्या पुण्यातलं आणि कल्याणमधलं तृतीयपंथीयांसाठीचं मित्र क्लिनिकही बंद पडलं, हैदराबादचं तर पडलंच.

---

कोरडवाहू_आष्टी

मी यूकेला कधी गेलो नाही, जायची शक्यताही नाही 🙂 पण घेणाऱ्याच्या बाजूने कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

७२ च्या दुष्काळात मी सहावीत होतो. विहिरी खरवडून झाल्या, गुरं चारा छावणीला. आई-वडील खडी फोडायला जायचे. तेव्हा रेशनला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यायची. आमची शाळू पांढरी मोत्यासारखी, आणि ही तांबडी, बारीक, राखट. पिठाला चिकटाई म्हणून नाही, आई उकळतं पाणी घालून मळायची तरी भाकरी थापताना कडेने चिरायची आणि तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे. कामावर आणि शाळेत सुकडी मिळायची, पिठाची गोडसर. ती मात्र आम्ही पोरं चड्डीच्या खिशात भरून आणायचो.

अमेरिकेने त्याआधी पीएल ४८० चा गहू दिला तो काही दया येऊन नव्हे. १९५४ चा कायदा, त्यांच्या शेतकऱ्यांचा माल पडून राहिला होता तो खपवायचा होता. पुढे ६५-६६ ला व्हिएतनामवरून आपण बोललो तर त्यांचे अध्यक्ष जॉन्सन साहेब महिन्या-महिन्याचा गहू मोजून सोडायला लागले. त्याच गव्हातून गाजर गवत आलं असंही म्हणतात, ते अजून आमच्या बांधावर आहे, गहू कधीच संपला. तेव्हा देणारा साधुसंत असतो हे कोणी सांगू नये. पण म्हणून तो गहू खाऊन जगलेली माणसं खोटी होत नाहीत.

मला खरं सांगायचंय ते वेगळंच. त्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली, कायदा ७७ सालचा. तिचा पैसा कुठून आला माहितीय का? १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला, मुंबई-पुण्याच्या नोकरदारांच्या पगारातून कापून. आजही पगाराच्या स्लिपवर महिन्याला २०० रुपये दिसतात तोच हा. लालबागच्या चाळीत संडासाला रांग लावणाऱ्या माणसाच्या पगारातून आमच्या आष्टीचा पाझर तलाव झाला. त्यानेही तेव्हा म्हटलंच असणार, आधी आमच्या चाळीचं बघा. आणि ते चूक नव्हतंच. सातारकर, तुमची दाढ पण खरी आहे. पण आमचा तलाव झाला, त्यात अजून पाणी थांबतं.

---

पेठेतला_जावई

काका, फार छान लिहिलंत. माझं थोडक्यात.

एप्रिल २०२१ आठवतोय? कोविडची लस बनते आमच्या हडपसरला आणि आम्ही पहाटे पाचला वॉर्डातल्या केंद्रावर आधार कार्ड घेऊन रांगेत, दहा वाजता पाटी लागायची "आज लस संपली". त्याआधी आपण लस मैत्री म्हणून कितीतरी देशांना डोस पाठवलेले. मी स्वतः इथेच त्या वेळी तावातावाने लिहिलं होतं की आधी आपली माणसं. शोधलंत तर सापडेल 😅 सरकारने निर्यात थांबवली, ती थेट ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू झाली. त्यामुळे आपल्या भरवशावर बसलेले आफ्रिकेतले देश लटकले. मजा म्हणजे यूके सुद्धा लटकलं, त्यांनी १ कोटी डोस मागवलेले, ५० लाख आले, बाकीचे अडकले. माझे सासरे मे महिन्यात गेले, लस मिळायच्या आधी. म्हणून "आधी घरचं" म्हणणाऱ्याला मी आजही नावं ठेवत नाही. पण तेव्हा आपण गरीब असून बाहेर दिलं म्हणून चिडलो होतो, आणि आता इंग्लंड श्रीमंत असून हेच म्हणतंय, एवढं आपलं नोंदवतो.

---

सडेतोड_सातारकर

आष्टीकर काका, व्यवसाय कराचं माहीतच नव्हतं, दहा वर्षं पुण्यात कापला गेला तेव्हा नुसता शिव्या घालायचो. तरी एक फरक आहेच, लालबाग आणि आष्टी एकाच राज्यात, एकाच सरकारला मत देतात. काम नीट झालं नाही तर तुम्ही आमदाराची गाडी अडवू शकता. लुसाकाचा लोडर इथल्या खासदाराला काय विचारणार?

लुसाकाताई, नोटीस देऊन कापायला हवं होतं हे मान्य. कापायला नको होतं हे अजून नाही.

---

लुसाकाची_सून

चालेल दादा, अर्धं मान्य केलंत तेही पुष्कळ. लोडर खासदाराला काही विचारू शकत नाही म्हणूनच तर सगळ्यात आधी त्याचे पैसे कापले जातात ना. तुमच्याकडे आजींनी बोंब मारली, पैसे परत आले.

---

थेम्सकाठचे_पोहे

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. आज शनिवार, आत्ताच हॉलमधून आलो. बीन्सचे डबे लावता लावता ड्रायव्हर आजोबांना मास्तरांचं गणित सांगितलं की वाचलेले पैसे इथे येणार नाहीत, लष्कराला जाणार. मला वाटलं आता चिडतील. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, मग ठीक आहे, माझा नातू आर्मीत आहे, त्यांना बूट तरी धड मिळतील. घ्या!

मग व्यवसाय कराची गोष्ट सांगितली, ती मात्र त्यांनी दोनदा विचारून घेतली. आणि काका, तुमच्यासाठी एक प्रश्न दिलाय त्यांनी, ती लाल भाकरी चवीला कशी लागायची?

---

कोरडवाहू_आष्टी

कशी लागणार. भुशासारखी. त्यांना सांगा, दोन खायचो आणि तिसरी मागायचो.