फ्लॉरेन्ससाठी एकच दिवस, सोबत सासूबाई: काय पाहावे आणि काय सोडावे?

दांडियाबाजार_बडोदे

नमस्कार. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दिवाळीच्या सुट्टीत, आम्ही चौघे रोमला जात आहोत आणि त्यातला एक दिवस फ्लॉरेन्ससाठी राखून ठेवला आहे. सकाळी जलद गाडीने निघून साडेनऊच्या सुमारास सांता मारिया नोव्हेला स्थानकावर उतरायचे आणि संध्याकाळी साडेसातच्या गाडीने परतायचे, एवढे नक्की झाले आहे. मधले दहा तास कसे घालवावेत यावर मात्र घरात एकमत होत नाही.

मुलगी इथेच, बडोद्याला, फाइन आर्ट्समध्ये शिल्पकला शिकते. तिला उफित्सी आणि अकादेमिया ही दोन्ही संग्रहालये पाहायची आहेत. यजमानांचे म्हणणे असे की, एवढ्या लांब गेलोच आहोत तर पिसाचा कलता मनोराही त्याच दिवशी उरकावा. सासूबाई बहात्तर वर्षांच्या आहेत. सपाट रस्त्यावर हळूहळू चालतात, पण जिना चढताना गुडघे दुखतात. त्यांनी एकच गोष्ट मागितली आहे. त्यांचे माहेर कोल्हापूरचे, आणि राजाराम महाराजांची छत्री, म्हणजे स्मारक, परदेशात याच गावी आहे असे त्यांनी लहानपणी वडिलांकडून ऐकले होते. ती छत्री खरोखर तिथे आहे का, आणि एका दिवसात बाकी सर्व सांभाळून तिथे जाता येईल का? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

सुरसागर_काठ

ताई, आम्ही दोनदा जाऊन आलो आहोत, त्यामुळे स्पष्टच लिहितो. पिसा सोडा. फ्लॉरेन्सहून गाडीने एका बाजूला तासभर लागतो, तिथल्या स्थानकावरून मनोऱ्यापर्यंतचे अंतर वेगळे, म्हणजे जाण्यायेण्यातच दिवसाचा उत्तम भाग संपतो आणि हाती एक छायाचित्र उरते. यजमानांना तो मनोरा पाहायचाच असेल तर त्यासाठी दुसरा दिवस काढावा.

दोन संग्रहालयेही एका दिवसात करू नयेत. उफित्सीला घाईने न्याय देता येत नाही. बोत्तिचेल्लीच्या दोन मोठ्या चित्रांसमोर गर्दीतून वाट काढत उभे राहायचे, लगेच लिओनार्दो, लगेच काराव्हाज्जो, असे केले तर तासाभरात डोळे थकतात आणि काहीच लक्षात राहत नाही. मुलगी शिल्पकलेची विद्यार्थिनी असल्यामुळे मी अकादेमियाच निवडेन. तिथला डेव्हिड पाच मीटरांहून उंच आहे आणि मायकेलअँजेलोने तो १५०१ ते १५०४ या काळात घडवला. ज्या दगडातून तो निघाला त्यावर आधी दुसऱ्या शिल्पकारांनी हात चालवून काम अर्धवट सोडले होते आणि तो कितीतरी वर्षे कॅथेड्रलच्या आवारात तसाच पडून होता, हे आधीच ठाऊक असले तर पाहण्यात फरक पडतो. पण माझ्या मते तिच्यासाठी खरा ठेवा डेव्हिडकडे नेणाऱ्या दालनात आहे. पोप दुसरा ज्युलियस याच्या समाधीसाठी सुरू केलेले आणि अपुरे राहिलेले चार बंदिवान तिथे उभे आहेत. जवळ जाऊन पाहिले की दातेरी छिन्नीच्या समांतर रेघा संगमरवरावर स्पष्ट दिसतात, कुठे त्या दाट होत जातात, कुठे एकदम थांबतात. एकाचे तर डोके अजून दगडातच आहे आणि तो दगड त्याने खांद्यावर तोलून धरल्यासारखा वाटतो. माझा भाचाही मूर्तिकाम करतो. तो डेव्हिडपाशी दहा मिनिटे होता आणि या चौघांपाशी पाऊण तास.

सोमवारी अकादेमिया आणि उफित्सी दोन्ही बंद असतात, तेव्हा वार तपासूनच दिवस ठरवा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयांत प्रवेश विनामूल्य असतो, पण त्या दिवशीची गर्दी सासूबाईंना झेपणार नाही. तिकीट संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. पहिल्या वेळी आम्ही एका मध्यस्थाकडून घेतले, त्याने जवळपास दुप्पट पैसे लावले आणि प्रवेशाची वेळही आम्ही मागितली होती ती दिली नाही.

कॅथेड्रलच्या घुमटावर जाण्यासाठी ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही आणि वरचा जिना अतिशय अरुंद आहे. सासूबाईंचा प्रश्नच नाही, आणि एका दिवसात इतरांनीही तो मोह टाळावा असे मला वाटते. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात हा घुमट जमिनीपासून लाकडी आधार न उभारता, विटांचे थर एकमेकांत अडकवत कसा बांधला, हे नवल चौकातून मान वर करूनही पुरेसे कळते. समोरच्या बाप्तिस्मागृहाची गिबेर्तीची सोनेरी दारे अवश्य पाहा. तिथे बसवलेल्या प्रतिकृती आहेत, मूळ दारे कॅथेड्रलच्या मागच्या संग्रहालयात ठेवली आहेत. पुढे सिन्योरिया चौक आणि पोन्ते वेक्यो पूल, सगळे सपाट आणि चालण्याच्या अंतरावर. पुलावर पूर्वी खाटिकांची दुकाने होती, १५९३ पासून तिथे सोनारांना जागा मिळाली, आणि आजही तो पूल म्हणजे नदीवर बसवलेली आपली सोनारांची घडियाळी पोळ आहे. सूर्यास्त मात्र टेकडीवरच्या पियात्साले मायकेलअँजेलो या चौकातून पाहा. वरपर्यंत बस जाते.

छत्रीविषयी मी ऐकले आहे, पण ती गावाबाहेर एका बाजूला आहे. एका दिवसात ती बसवू नये असे माझे मत.

कमाटीबाग_सकाळ

वरील उत्तरातील बहुतेक सर्व मला मान्य आहे, फक्त शेवटचे वाक्य मान्य नाही.

छत्री आहे, आणि उत्तम स्थितीत आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला गेले होते. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथेच वारले. वय अवघे वीस. त्या काळी इटलीत दहनाची रीत नव्हती, तेव्हा सोबतच्या मंडळींनी खास परवानगी मिळवली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन केले. आपल्याकडे संगमाला काय अर्थ आहे हे सांगायला नको; परक्या मुलुखात, परक्या भाषेत, त्या माणसांनी ती जागा मिळवली, हे मला अजूनही विलक्षण वाटते. पुढे १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली. खाली महाराजांचा पागोटे घातलेला अर्धपुतळा आहे, तो फुलर या इंग्रज शिल्पकाराचा, आणि शिलालेख चार भाषांत आहे. जवळच्या मोठ्या रस्त्याच्या पुलालाही तिथले लोक ‘इंडियानो’ म्हणजे भारतीयाचा पूल म्हणतात.

बडोद्याच्या माणसाने तिथे जाण्याचे आणखी एक कारण आहे. या छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. आपल्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा मूळ आराखडाही त्यांचाच. १८८१ मध्ये ते वारले आणि काम चिझम या दुसऱ्या वास्तुविशारदांनी पुरे केले. मी रोज सकाळी कमाटीबागेतून फिरून येताना राजवाड्याचा मनोरा दुरून पाहतो, आणि तिकडे आर्नोकाठी छत्रीच्या छोट्या घुमट्यांखाली उभा राहिलो तेव्हा हे वळण ओळखीचे आहे असे पहिल्या क्षणी जाणवले. ताई, आपल्या मुलीला हे मुद्दाम दाखवा.

आता वेळेचे सांगतो. छत्री कास्सिने नावाच्या उद्यानाच्या पश्चिम टोकाला आहे. ट्राम उद्यानाच्या दुसऱ्या टोकाजवळ सोडते आणि तिथून बरेच चालावे लागते, म्हणून सासूबाईंसाठी स्थानकाच्या थांब्यावरून टॅक्सीच घ्यावी आणि तीच थांबवून ठेवावी, कारण तिथे परतीची टॅक्सी सहज मिळत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळे एक तास मागे घेतात, त्यामुळे नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य पाचच्या आधीच मावळतो. पियात्सालेवरचा सूर्यास्त आणि छत्री, दोन्ही एकाच उजेडात साधणार नाहीत. यांतले एक निवडायचे असेल, तर ज्यांनी एकच गोष्ट मागितली आहे त्यांची गोष्ट आधी करावी. अडीच-तीनला निघा.

सुरसागर_काठ

काका, सूर्य इतक्या लवकर मावळतो हे माझ्या ध्यानातच नव्हते. आम्ही दोन्ही वेळा मे महिन्यात गेलो होतो आणि तेव्हा रात्री साडेआठपर्यंत उजेड होता. आणि मँट यांचे नाव छत्रीशी जोडलेले आहे हे तर मी आजच वाचतो आहे. मी माझे मत मागे घेतो. ताई, पियात्साले सोडा.

खंडेराव_मार्केट

खाण्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडे. शाकाहारी माणसाचे फ्लॉरेन्समध्ये हाल होत नाहीत. रिबोल्लिता म्हणजे शिळा पाव, पांढरा घेवडा आणि पालेभाजी यांचे दाट सूप, ते सासूबाईंना मानवेल. मात्र त्यात मांसाचे पाणी वापरले आहे का हे प्रत्येक वेळी विचारावे. टस्कनीच्या पावात मीठ नसते, तो बिघडलेला नाही. हरभऱ्याच्या पिठाची चेचिना कुठे मिळाली तर अवश्य घ्या, आपल्या बेसनाच्या धिरड्याची आठवण येते. टेबलाशी बसल्यावर माणशी वेगळा आकार लावतात, तो बिलात पाहून दचकू नये. सामान स्थानकावरच्या सामानघरात ठेवता येते.

दांडियाबाजार_बडोदे

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री काकांचे उत्तर मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा सासूबाईंनी ‘संगमावर’ हा शब्द दोनदा विचारून घेतला. पिसाचा बेत यजमानांनी स्वतःहून रद्द केला आहे. सकाळी दहाला अकादेमिया, मग कॅथेड्रलचा चौक, पुलापर्यंत चालणे, जेवण, आणि पावणेतीनला टॅक्सी, असे ठरले आहे. आता एकच विचारायचे राहिले: छत्रीवर वाहण्यासाठी फुले स्थानकाच्या जवळपास मिळतात का? सासूबाई इथून न्यायची सुपारी आणि हळदकुंकू आधीच पिशवीत ठेवून बसल्या आहेत.

कमाटीबाग_सकाळ

मिळतात. स्थानकाच्या परिसरात फुलवाले आहेत. छत्रीभोवती लोखंडी कठडा आहे, मी पांढरी शेवंती त्याच्यापाशीच ठेवली होती.