खिशातला घडीचा चाकू: रोज वापरणाऱ्यांचे अनुभव हवेत

घडीचा छोटा चाकू घ्यायचा म्हटलं की अवजारं किती, हेच आधी दाखवतात. मिटताना बोट वाचतं का, पावसाळ्यात टिकतो का, हे वापरणाराच सांगू शकतो. ब्रँडेड असो की गावच्या लोहाराकडचा, कशासाठी वापरता आणि काय खटकलं ते लिहा.

रत्नागिरीहून
ओपिनेल (फ्रेंच घडीचा चाकू) आठ नंबर, कार्बन स्टीलचा. पातं साडेआठ सेंटिमीटर, मूठ बीच लाकडाची. पातं पातळ, त्यामुळे पिकलेला टोमॅटोसुद्धा न चेंगरता चिरतो. पण आमच्याकडे पाऊस लागला की लाकूड फुगतं आणि पातं मुठीत रुतून बसतं, नखानं निघत नाही. मग मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकायचं. पातं जरा वर येतं, ते चिमटीत धरून उघडायचं. कैरी चिरली की पातं काळवंडतं. तो गंज नव्हे, घाबरू नका. मात्र तसंच ओलं मिटून ठेवलंत तर लाल ठिपके येणारच. धुवा, कोरडं पुसा, खोबरेलाचं बोट फिरवा. एवढं रोज जमणार नसेल तर त्याच चाकूचं स्टेनलेस पातं घ्या, पश्चात्ताप होणार नाही.

ट्रेकला मुलं नेणारा, पुणे
ओपिनेलचं फिरतं कडं (1955 पासूनचं) पातं उघडं असताना जागच्या जागी धरून ठेवतं. व्हिक्टोरिनॉक्सच्या 91 मिलिमीटरच्या नेहमीच्या लाल चाकूत तसं काही नाही, नुसता स्प्रिंगचा दाब. त्याच्या पात्याच्या टोकानं पट्ट्याला भोक पाडू नका, पातं बोटांवर मिटतं. भोकासाठी पाठीमागे आरी असते. माझं मत विचाराल तर कात्री असलेलं मॉडेलच घ्या. फोडांवर चिकटपट्टी लावताना पात्यापेक्षा तीच लागते.

लंडनहून
इथे राहणाऱ्यांनी आधी कायदा बघावा. धार तीन इंचांपर्यंत, घडीचा आणि उघडल्यावर लॉक न होणारा चाकूच विनाकारण खिशात चालतो. म्हणजे वरचा आठ नंबर बाद: लांबीनंही आणि कड्यामुळेही. सहलीसाठी नेत असाल तर कारण सांगता आलं पाहिजे. भारतात येताना मात्र कुठलाही असो, चेक-इनच्या बॅगेत.

नाशिक, द्राक्षबाग
आमचा चाकू कलमाचा, घडीचाच, पण धार एकाच बाजूला. दुसरी बाजू सपाट असते म्हणून पाचरीचा काप सरळ येतो. काप वाकडा आला की खुंट (खालचं मुळाचं रोप) आणि त्यावर बसवायची काडी यांच्यात फट राहते आणि काडी सुकते. हा चाकू फळं चिरायला देऊ नका, घरात कुणीही मागितला तरी.

रत्नागिरीकरांना एक सांगणं: खोबरेल इथे डिसेंबरात थिजतं आणि सांध्यात चिकटून बसतं. आम्ही शिलाई मशीनचं तेल एक थेंब सोडतो, फक्त सांध्यावर. खाण्याचा चाकू असेल तर पात्याकडे आलेलं तेवढं पुसून घ्या.