'समितीने अहवाल सादर केला' हा कर्मणी प्रयोग, मग इंग्रजीत पॅसिव्ह का नाही?

भाषांतर_सराव:
नमस्कार मंडळी. स्पर्धा परीक्षेसाठी मराठी उताऱ्यांचं इंग्रजी करण्याचा सराव चालू आहे. 'चेंज द व्हॉइस'चे प्रश्न सुटतात, पण उतारा हातात आला की घोळ होतो. तपासून आलेल्या कागदावर या वाक्यांखाली रेघा आहेत:

१) 'समितीने अहवाल सादर केला.' मी लिहिलं, 'द रिपोर्ट वॉज सबमिटेड बाय द कमिटी.' शेरा आला, 'पॅसिव्ह कशाला?' मराठीत हा कर्मणी प्रयोगच आहे ना?
२) 'अपघात पहाटे झाला.' – 'द ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड अर्ली इन द मॉर्निंग.'
३) 'मला कारण समजावून सांगण्यात आले.' – 'आय वॉज एक्सप्लेन्ड द रीझन.' 'आय वॉज टोल्ड द रीझन' चालतं, मग हे का नाही?
४) 'रस्ता दुरुस्त करण्यात येत आहे.' – 'द रोड इज बीन रिपेअर्ड.'
५) 'सर्व नागरिकांना कळविण्यात येते की...' – 'इट इज हिअरबाय इन्फॉर्म्ड टू ऑल सिटिझन्स दॅट...' हे तर सूचनाफलकांवर सर्रास असतं!

आणि मुळात पॅसिव्ह कधी वापरायचा आणि कधी नाही?

खडू_फळा:
पहिल्या वाक्याचं आधी, कारण बाकीचा गोंधळ बराचसा तिथूनच सुरू होतो.

मराठीतला प्रयोग ठरतो क्रियापद कोणाच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं यावरून. मुलीने आंबा खाल्ला, मुलीने पोळी खाल्ली, मुलीने आंबे खाल्ले. क्रियापद कर्माच्या मागे जातं, म्हणून कर्मणी. इंग्रजी व्हॉइसचा या जुळणीशी काही संबंध नाही. तिथे प्रश्न एवढाच, की सब्जेक्टच्या जागी करणारा बसलाय की ज्याच्यावर क्रिया झाली तो. वरच्या तिन्ही वाक्यांत करणारी मुलगीच आहे, म्हणून तिन्ही ठिकाणी 'द गर्ल एट', ॲक्टिव्ह.

'ने' म्हणजे 'बाय' नव्हे, हे एकदा पक्कं करा. 'मुलगी आंबा खाते' कर्तरी आणि 'मुलीने आंबा खाल्ला' कर्मणी. नुसता काळ बदलला म्हणून इंग्रजीत व्हॉइस कशाला बदलेल?

परीक्षेच्या व्याकरणात कर्मणीचे पाच प्रकार तुम्ही वाचले असतीलच. आजच्या मराठीत त्यातला इंग्रजी पॅसिव्हशी खरा जुळतो तो एकच, नवीन कर्मणी: 'रावण रामाकडून मारला गेला.' बाकीचे बहुतेक ॲक्टिव्हच होतात. शक्य कर्मणीतलं 'आईच्याने आता काम करवते' म्हणजे 'मदर कॅन वर्क नाऊ'. समापन कर्मणीतलं 'त्याचा पेरू खाऊन झाला' म्हणजे 'ही हॅज फिनिश्ड ईटिंग द ग्वाव्हा'. भावे प्रयोगाचंही तेच: 'पोलिसांनी चोराला पकडले' – 'द पोलीस कॉट द थीफ'.

उतारा वाचताना खूण एवढीच ठेवा. 'ने/नी' आणि साधं क्रियापद असेल तर ॲक्टिव्ह. 'गेला', 'कडून' किंवा कार्यालयीन मराठीतलं 'करण्यात आला' दिसलं, तर पॅसिव्हचा विचार करा. म्हणून तुमचं वाक्य: 'द कमिटी सबमिटेड द रिपोर्ट.'

मुद्रितशोधक:
खडू_फळा यांच्या खुणेला एक अपवाद जोडतो, तोही मोठा आहे.

मराठीत कर्म उचलून वाक्याच्या सुरुवातीला ठेवता येतं आणि 'ने' तसाच राहतो. इंग्रजीत शब्दक्रम हलवण्याची ती मोकळीक जवळजवळ नाही, म्हणून तेच काम पॅसिव्ह करतो. हा उतारा घ्या:

'छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही मुंबईतील महत्त्वाची वास्तू आहे. तिचा आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी केला. २००४ मध्ये युनेस्कोने तिचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.'

दोन्ही ठिकाणी 'नी/ने' आहे. खूण आंधळेपणाने लावली तर दुसरं वाक्य 'फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स डिझाइन्ड इट' असं होतं. व्याकरण बरोबर, पण वास्तूबद्दल वाचत असलेला माणूस अचानक स्टीव्हन्सवर, मग युनेस्कोवर उडी मारतो. इथे 'इट वॉज डिझाइन्ड बाय फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स अँड वॉज इन्स्क्राइब्ड ऑन द वर्ल्ड हेरिटेज लिस्ट इन २००४' हेच योग्य. 'बाय युनेस्को' गाळलं तरी चालतं, ती यादी दुसरं कोणी करत नाही.

म्हणजे निर्णय एकट्या वाक्यावर होत नाही, मागचं वाक्य कशाबद्दल होतं ते बघावं लागतं. तुमच्या समितीच्या उताऱ्यात मागची चार वाक्यं अहवालाबद्दल असतील, तर तुमचा पॅसिव्ह बरोबर आणि शेरा चूक!

'कधी वापरायचा' याचं बाकी उत्तर थोडक्यात: करणारा माहीत नसेल ('माय सायकल वॉज स्टोलन'), उघड असेल ('ही वॉज अरेस्टेड', पोलिसांशिवाय कोण करणार) किंवा बिनमहत्त्वाचा असेल (प्रयोगाची कृती: 'द सोल्यूशन वॉज हीटेड टू ८० डिग्रीज'). 'बाय समवन', 'बाय पीपल' असली शेपटं सरळ छाटा. उलट तक्रार अर्ज, बायोडेटा, जबाबदारी ठरवणारं पत्र इथे ॲक्टिव्ह हवा. 'द फाइल वॉज मिसप्लेस्ड' असं लिहिलं की फाइल कोणी हरवली ते गुलदस्त्यात राहतं. पुष्कळदा तसं लिहिण्यामागचा हेतूच तो असतो.

'पॅसिव्ह टाळा' हा उपदेश ऐकून घाबरू नका. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ च्या 'पॉलिटिक्स अँड द इंग्लिश लँग्वेज' या निबंधात तो नियम म्हणून दिला, आणि त्याच निबंधाच्या पहिल्याच वाक्यात 'इट इज जनरली अझ्यूम्ड' असा पॅसिव्ह आहे.

क्रियापद_कोश:
२, ३ आणि ५ एकाच दुखण्याचे आहेत. पॅसिव्ह म्हणजे ऑब्जेक्ट पुढे आणणं. आणायला ऑब्जेक्टच नसेल किंवा चुकीचा ऑब्जेक्ट आणला, तर वाक्य कोसळतं.

दुसरं वाक्य. 'हॅपन'ला ऑब्जेक्ट लागतच नाही. तसंच अकर, अराइव्ह, डाय, डिसअपिअर, बिलाँग, कन्सिस्ट यांचं. 'वॉज हॅपन्ड', 'वॉज डाइड', 'इज कन्सिस्टेड ऑफ' ही रूपं इंग्रजीत नाहीतच. नुसतं 'द ॲक्सिडेंट हॅपन्ड'.

अडचण अशी की आपलं 'झाला' सगळीकडे चालतं. अपघात झाला, स्फोट झाला, निवड झाली, बदली झाली, स्थापना झाली. म्हणून 'झाला' दिसला की विचारा: ही गोष्ट कोणी केली, की घडली?

घडली असेल तर ॲक्टिव्ह: स्फोट झाला – 'ॲन एक्सप्लोजन अकर्ड'. मृत्यू झाला – 'ही डाइड'.
कोणीतरी केली असेल तर पॅसिव्ह: निवड झाली – 'शी वॉज सिलेक्टेड'. बदली झाली – 'ही वॉज ट्रान्सफर्ड'. 'सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ मध्ये झाली' – 'वॉज फाउंडेड इन १८७३'. ('वॉज फाउंड' लिहाल तर समाज कुठेतरी हरवला होता आणि सापडला, असा अर्थ होईल.)
'अपघातात दोघे ठार झाले' – 'टू पीपल वेअर किल्ड'. अपघातात मेल्यावर 'किल्ड' आणि आजाराने गेल्यावर 'डाइड'. बातमीच्या भाषांतरात हा फरक हमखास चुकतो. 'जन्म झाला' हा नेहमी 'वॉज बॉर्न', 'इज बॉर्न' नव्हे.

तिसरं वाक्य. 'टेल' नंतर माणूस थेट येतो: 'दे टोल्ड मी द रीझन.' तो 'मी' पुढे आणता येतो, म्हणून 'आय वॉज टोल्ड'. 'एक्सप्लेन' नंतर माणूस थेट येत नाही, मध्ये 'टू' लागतो: 'दे एक्सप्लेन्ड द रीझन टू मी.' इथे ऑब्जेक्ट आहे 'रीझन', म्हणून 'द रीझन वॉज एक्सप्लेन्ड टू मी'. सजेस्ट, से, अनाउन्स, प्रपोज ही सगळी एक्सप्लेनच्या गटातली, तेव्हा 'आय वॉज सजेस्टेड टू मीट द डॉक्टर' हेही चूक. गिव्ह, सेंड, ऑफर, शो, टीच ही टेलच्या गटातली. त्यांचे दोन पॅसिव्ह होतात, 'आय वॉज गिव्हन अ फॉर्म' आणि 'अ फॉर्म वॉज गिव्हन टू मी'. पहिला जास्त बोलला जातो.

पाचवं वाक्य बरोबर उलटं. 'इन्फॉर्म'ला माणूस थेट लागतो, म्हणून पुढे माणूसच यायला हवा: 'ऑल सिटिझन्स आर हिअरबाय इन्फॉर्म्ड दॅट...' फलकावर काय असतं तो पुरावा धरू नका. 'इट इज हिअरबाय नोटिफाइड दॅट' ही मात्र राजपत्रातली रुळलेली शब्दयोजना आहे, ती अधिसूचनेच्या भाषांतरात खुशाल वापरा.

आणखी एक. क्रियापदाला चिकटलेला प्रिपोझिशन पॅसिव्हमध्ये गळू देऊ नका. 'दे लाफ्ड ॲट हिम' – 'ही वॉज लाफ्ड ॲट'. 'या प्रकरणात लक्ष घालण्यात येईल' – 'द मॅटर विल बी लुक्ड इन्टू'. शेवटचा शब्द लोंबकळतोय असं वाटून लोक तो खोडतात आणि अर्थच जातो.

खडू_फळा:
चौथं राहिलं. तक्ता पाठ करण्यापेक्षा एकच मराठी वाक्य सगळ्या काळांतून फिरवा.

रस्ता दुरुस्त...
करण्यात येतो – इज रिपेअर्ड
करण्यात येत आहे – इज बीइंग रिपेअर्ड
करण्यात आला – वॉज रिपेअर्ड
करण्यात येत होता – वॉज बीइंग रिपेअर्ड
करण्यात आला आहे – हॅज बीन रिपेअर्ड
करण्यात आला होता – हॅड बीन रिपेअर्ड
करण्यात येईल – विल बी रिपेअर्ड
करण्यात यावा – शुड बी रिपेअर्ड

शेवटचा शब्द कुठेच बदलत नाही, तो कायम व्ही-३ (क्रियापदाचं तिसरं रूप). बदलतं ते फक्त 'बी'चं रूप. काम चालू असेल तर 'बीइंग' आणि त्याच्याआधी इज, आर, वॉज, वेअर यांपैकी एक (कर्ता 'आय' असेल तर 'ॲम'). पूर्ण झालं असेल तर 'बीन' आणि आधी हॅज, हॅव, हॅड. 'इज बीन' ही जोडीच अस्तित्वात नाही. कानाला बीन आणि बीइंग सारखे लागतात, म्हणून लिहितानाही बोट घसरतं.

एक सापळा. मराठीत 'काल रस्ता बंद करण्यात आला आहे' चालून जातं. इंग्रजीत 'यस्टरडे' किंवा ठरावीक तारीख आली की 'हॅज बीन' बाद, 'वॉज क्लोज्ड यस्टरडे' लिहायचं.

व्ही-३ मध्ये हमखास चुकणारं: पायाभरणीचा दगड 'वॉज लेड', 'वॉज लेन' नव्हे. पत्र 'वॉज रिटन', 'वॉज रोट' नव्हे. पूल 'वॉज बिल्ट', 'वॉज बिल्ड' नव्हे.

भाषांतर_सराव:
'झाला'ची कसोटी एकदम पटली. दोन उपप्रश्न. 'ओपन द डोअर'चा पॅसिव्ह 'लेट द डोअर बी ओपन्ड' असं पुस्तकात आहे, तो उताऱ्यात कधी लिहायचा? आणि 'मी केस कापले' हे 'आय कट माय हेअर' की पॅसिव्ह?

क्रियापद_कोश:
'लेट द डोअर बी ओपन्ड' हे फक्त 'चेंज द व्हॉइस'च्या प्रश्नापुरतं. तिथे गुण मिळतात, तिथेच सोडा. 'कृपया दार उघडावे'चं भाषांतर 'प्लीज ओपन द डोअर' असंच करा. सूचनेत औपचारिकपणा हवा असेल तर 'व्हिजिटर्स आर रिक्वेस्टेड टू...' हा पॅसिव्ह मात्र खराखुरा वापरातला आहे. तसंच 'हू रोट धिस?'चं 'बाय हूम वॉज धिस रिटन?' परीक्षेत लिहा, बोलताना 'हू वॉज धिस रिटन बाय?' म्हणतात.

'आय कट माय हेअर' म्हणजे आरशासमोर उभं राहून स्वतःच कात्री चालवली. न्हाव्याकडून कापून घेतले असतील तर 'आय हॅड माय हेअर कट'. हॅड, मग वस्तू, मग व्ही-३, हाच क्रम ठेवायचा. आपण 'मी घर बांधलं', 'मी डोळे तपासले', 'मी गाडी दुरुस्त केली' असं बिनदिक्कत म्हणतो, काम दुसऱ्याने केलेलं असतं. इंग्रजीत 'आय हॅड माय आईज टेस्टेड', 'आय हॅड द कार रिपेअर्ड'. क्रम उलटला की काळ आणि अर्थ दोन्ही बदलतात: 'आय हॅड रिपेअर्ड द कार' म्हणजे मीच आधी दुरुस्त केली होती.

मुद्रितशोधक:
जाता जाता 'बाय'बद्दल. 'द वर्क विल बी फिनिश्ड बाय फ्रायडे' यातला शुक्रवार काम करणारा नाही, ती मुदत आहे. 'चेंज द व्हॉइस'मध्ये याचं 'फ्रायडे विल फिनिश द वर्क' करून ठेवलेलं असतं. इथे ॲक्टिव्हला करणारा आपल्याला पुरवावा लागतो: 'दे विल फिनिश द वर्क बाय फ्रायडे.' आणि हत्याराला 'विथ': 'द लॉक वॉज ब्रोकन विथ अ हॅमर', 'बाय' आला तर तो चोराला.